बाजेखालची शेगडी

मला मुंबईच्या डॉक्टरांनी गावाला पाठवलं ते हवेसाठी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना हसावं की रडावं ते माझ्यासारखंच तुम्हालाही कळणार नाही.

लग्नानंतर आम्ही चेंबूरला एका चाळीत राहायचो. मागे गटार, पुढे हमरस्ता, आणि सकाळी खिडकीच्या गजावर बोट फिरवलं की बोट काळं. मला सातवा लागला तेव्हा छाती घुमायला लागली. जिना चढून आले की दारातच बसकण मारायची आणि श्वास जागेवर आला की मग चपला काढायच्या. डॉक्टरांनी विचारलं, माहेर कुठलं. मी म्हटलं, रत्नागिरी जिल्हा, लांज्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. त्यांचा चेहराच खुलला. "अहो, मग इथे काय करताय? कोकणातली हवा म्हणजे औषध. बाळंतपण तिकडेच करा." नवऱ्याने तिथल्या तिथे मान डोलावली. सासूबाई म्हणाल्या, शुद्ध हवेत पोर गुटगुटीत होईल. सगळ्यांनी मिळून माझी हवा ठरवली आणि दोन हजार एकच्या पावसाळ्यात मी पोट सांभाळत माहेरी येऊन दाखल झाले.

आमची वाडी खोलगटात आहे. वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा कातळमाळ, मध्ये उतार, आणि खाली बशीच्या तळाशी बसावीत तशी घरं. उताराच्या वरच्या अंगाला, रस्त्याच्या वळणावर, काजूचा कारखाना. मी कॉलेजात होते तेव्हा, अठ्ठ्याण्णवच्या आसपास, तो सुरू झाला, आणि वाडीने पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. बायकांना बिया फोडायचं काम मिळालं. माझ्या बाबांना गेटवर वॉचमनची नोकरी मिळाली, आणि खाकी शर्ट. काजूबी भट्टीत भाजली की टरफलातलं तेल पेट घेतं. त्याचा धूर निघतो तो पिवळट काळा आणि घशाला धरणारा. उन्हाळ्यात तो वर चढून कुठेतरी निघून जायचा. पावसाळ्यात मात्र तो उठायचाच नाही. ओल्या हवेने दाबलेला, उतारावरून सरपटत खाली यायचा, वाडीत बसायचा, आणि कौलांच्या फटीतून घरात उतरायचा.

मी आले तोवर वाडीला खोकला लागून जुना झाला होता. माणूस दिसायच्या आधी त्याचा खोकला ओळखू यायचा. शेजारच्या काकीचा लांबलचक, शेवटी ओकारी येईल की काय असा. बाबांचा तुटक, गेटवर कुणी आलं तर खाकरतात तसा. आईचा कोरडा, बारीक, बोलता बोलता मध्येच येणारा, आणि तो आला की ती वाक्य अर्धं सोडून चुलीकडे बघत राहायची. पावसात त्याला पावसाळी खोकला म्हणायचे, हिवाळ्यात थंडीचा, आणि काजू-आंबे मोहोरले की मोहोराचा. नावं बदलायची. खोकला तोच.

आल्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "बाबा, चेंबूर बरं होतं की हो." ते हसले. "दोन दिस ऱ्हा. मग वासच येत नाय." खरं सांगते, दोनचार दिवसांत मला वास येईनासा झालाच. आजही त्याचीच मला जास्त भीती वाटते. नाकाने हात टेकले की माणसाला वाटतं हवा सुधारली.

आता आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिच्याबद्दल भलतंच मत करून घ्याल. आई वाडीची आंघोळ घालणारी होती. कुणाकडे पोर जन्मलं की पहिला निरोप आमच्याकडे यायचा. पायावर पोर घेऊन, ऊन ऊन पाणी, डाळीचं पीठ, साय, आणि मग त्या एवढ्याशा जिवाला उलटं-सुलटं करून असं चोळायची की बघणाऱ्याला धडकी भरावी. पण पोर रडायचं थांबून तिच्याकडे टुकूटुकू बघायला लागायचं. तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे. कुणाकडे गेली तर बसायला पाट आणि निघताना नारळ मिळायचा. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला तेवढाच एक मान होता, आणि तो तिने जपून ठेवला होता. मला ती ओरडायची, धपाटे घालायची, पण "माझ्या लेकीचं बाळंतपण" हे शब्द उच्चारताना तिचा आवाज बदलायचा. मला वाटतं, माझ्या लग्नाहूनही तिने ह्याचीच जास्त वाट पाहिली असेल.

लांज्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. नीट, वेळेवर, रडत. सावळी, डोक्यावर हे एवढं जावळ. डॉक्टर म्हणाले, वजन झकास आहे. आईने तिला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "तुझ्यापेक्षा गोरी हाय गो." नव्हती, पण मी गप्प बसले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चांगली भांडले असते.

घरी आलो तर खोली तयार होती. माजघराला लागून आमची एक अंधारी खोली आहे, तिला एकच खिडकी. तिच्या गजांत आईने गोणपाट आणि जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले होते, ओल्या मातीने फटी लिंपल्या होत्या. बाळंतिणीला वारं लागलं की जन्माचं दुखणं, पोराला लागलं की पोर हातचं गेलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिच्या रक्तातच होतं. सुंभाच्या बाजेखाली शेगडी. मी वर झोपायचं, खालून शेक घ्यायचा. आणि पोरीला आंघोळीनंतर धुरी. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणीच्या साली टाकायच्या, वरून कांबळं धरायचं आणि त्या कांबळ्याच्या आत, धुरावर, पोराला उलटं-पालटं करून शेकायचं. सर्दी पळते, हाडं घट्ट होतात, दृष्ट निघते. आमच्याकडे धुरी न मिळालेलं पोर म्हणजे आईबापांनी टाकलेलं पोर.

पहिले काही दिवस शेगडीत लाकडी कोळसा होता. त्याने डोकं जड व्हायचं, मी आईला सांगायची, ती म्हणायची, अंगातली थंडी निघतेय. मग कोळसा संपला. त्या वर्षी पाऊस असा लागला होता की सरपण भिजून बुरशी धरलेलं. शेणी पडवीतच मऊ पडल्या. आईची चिडचिड सुरू झाली. बाळंतिणीच्या बाजेखाली विस्तव नाही म्हणजे तिची अब्रूच जायची वेळ. आणि तिथे बाबा मदतीला धावले. कारखान्यात भाजलेल्या काजूची टरफलं ढिगाने पडलेली असायची, कामगारांना फुकट. तेलकट असल्यामुळे त्यांना ओल धरत नाही, काडी लावायचा अवकाश की भडाभडा पेटतात. वाडीतल्या निम्म्या न्हाणीघरांत पाणी त्याच्यावरच तापायचं. बाबांनी एक गोणी खांद्यावर टाकून आणली आणि ओटीवर ठेवली. आई त्यांच्याकडे बघून हसली. मी तिला बाबांकडे बघून हसताना फारसं पाहिलेलं नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा टरफलं बाजेखाली गेली. आधी काळा लोट उठला, तो छताला लागला आणि बाहेर जायला वाट नाही म्हणून परत खाली आला. माझ्या डोळ्यांतून धारा. घशात असं काहीतरी झालं की मिरचीची फोडणी बरी. मी म्हटलं, "आई, उचल ती शेगडी. गुदमरायला होतंय."

"पयल्यांदा जरा धुरवतंच. निखारा पडला की बसंल."

"पोरगी शिंकतेय बघ."

"शिंकूदे. डोकं मोकळं व्हतं." मग मऊ आवाजात म्हणाली, "धूर सोसवत नाय तर काय वारं देऊ तिला? तू गप पड. तुला काय कळतंय."

मला काय कळत होतं? बी.ए. झालेली मी, मराठी घेऊन. आणि तिच्या हातून वाडीतली एवढी पोरं न्हाऊन निघालेली. मी कूस बदलली आणि तोंडावर पदर घेतला. पोरीच्या तोंडावर घ्यायचा म्हटलं तर आई म्हणाली, तिला कोंडशील.

निखारा पडला, धूर बसला, पण बसला म्हणजे गेला नाही. तो भिंतींवर बसला. गोधडीला, माझ्या केसांना, दुपट्यांना एक कडवट तेलकट वास चिकटला. पोरीला छातीशी घेतलं की तिच्या टाळूला दुधाचा वास यायचा तो येईनासा झाला, त्याच्याऐवजी हा. मी आईला ते सांगितलं तर ती म्हणाली, ओव्याचा वास गो, चांगला असतो.

मग पोरीचं नाक वाजायला लागलं. आधी झोपेत, मग जागेपणीही. दूध पिताना ती मध्येच सोडायची, दोन श्वास घ्यायची, परत धरायची, परत सोडायची. आईने सांगितलं, पडसं. पडशावर उपाय म्हणजे धुरी. सकाळी एकदा मिळायची ती आता सकाळ-संध्याकाळ मिळायला लागली. कांबळ्याच्या आतून तिच्या रडण्याचा आवाज यायचा. तो आवाज रोज थोडा बसत चालला होता. आई समाधानाने म्हणायची, "बग, कशी शांत झाली." मला ती शांतता अंगावर यायची. पोर दमलंय म्हणून गप्प होतंय की बरं वाटतंय म्हणून, हे बघायला मी बाजेवरून वाकायची तर आई हाताने मागे लोटायची. बाळंतिणीने वाकायचं नसतं.

एक गोष्ट मात्र त्या अंधारातही माझ्या ध्यानात आली. आई दुपटी घेऊन विहिरीवर गेली की मी उठायची, पोरीला घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसायची. उंबरा ओलांडायचा नाही अशी सक्त ताकीद होती, पण पावसाच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार. तिथेही कारखान्याचा धूर असायचाच, तरी पागोळ्यांतून गार हवा आत यायची. पोरीचं नाक वाजणं थोड्या वेळाने कमी व्हायचं. ती दूध नीट ओढायची. आत गेलं की परत सुरू. एकदा झालं, मी म्हटलं मनाचे खेळ. पुन्हा झालं. मग मी मुद्दाम करून बघायला लागले आणि दर वेळी तेच होत गेलं. कारण कळलं होतं, आणि ते आईला सांगायचं कसं हे कळत नव्हतं.

शेवटी सांगितलं. सांगितलं म्हणजे भांडले. मी खिडकीतला एक बोळा ओढून काढला आणि म्हटलं, "हिला धूर बाधतोय. आजपासून शेगडी नाही, धुरी नाही." आईच्या हातात पोरीचं कांबळं होतं. मग म्हणाली, "चार बुकं शिकलीस म्हनून माझ्या हाताला नावं ठेवतंस?" आणि पुढे, खोकला आवरून, "माझा हात लागल्याबिगर ह्या वाडीत एक पोर मोठं झालेलं नाय." तिने बोळा परत कोंबला. इतक्या जोराने की तिची बोटं गजावर खरचटली. मी रडले, चांगली हमसून रडले, आणि रडल्याचा मला रागही आला, कारण आता ती सगळ्यांना सांगणार होती की बाळंतिणीचं डोकं फिरलंय, वाऱ्याचा परिणाम.

सांगितलंच तिने. शेजारची काकी बघायला आली. पोरीचं पोट उघडं करून बघितलं आणि तोंड पाडून आईला म्हणाली, "डबा झालाय. पोट कसं उडतंय बग." डबा म्हणजे काय ते कोकणात कुणाला विचारायची गरज पडत नाही. पोराचा श्वास भाता ओढल्यासारखा चालतो, बरगड्यांखाली खड्डा पडतो, आणि मग बहुतेक वेळा शेजारपाजारचे लोक पांढरी कापडं शोधायला लागतात. काकी म्हणाली, पोटावर डाग देऊया, बिब्बा तापवून. मी पोरीवर आडवी पडले. म्हटलं, "हिच्या अंगाला कुणी हात लावलात तर बघा." मी काय केलं असतं ते मलाही माहीत नव्हतं, पण काकी दोन पावलं मागे सरली. आई मात्र सरली नाही. ती तिच्या कामाला लागली. तिचं काम म्हणजे शेगडी. डबा झाला म्हणजे छातीत थंडी बसली, थंडी बसली म्हणजे शेक वाढवायचा. तिने गोणी आत ओढून आणली आणि टरफलं ओंजळीने टाकत राहिली. मी तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे धुराने लाल झालेले, गालांवर पाणी, आणि ओठ हलत होते. ती देवाचं म्हणत होती. माझ्या पोरीला वाचवण्यासाठी ती जे जे करत होती त्यातल्या प्रत्येक गोष्टीने पोरगी माझ्या हातातून जात होती, आणि तिच्यावर आईएवढं प्रेम करणारं दुसरं माणूस त्या घरात नव्हतं.

सकाळी उजाडलं तेव्हा पोरीने दूध तोंडात धरलंच नाही. तिच्या ओठांभोवती जांभळट छटा आली होती, जांभूळ खाल्ल्यावर पोरांच्या तोंडाला येते तशी. बरगड्यांखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला खोल जात होता आणि श्वासाला बारीक शीळ लागली होती. मी उठले, तिला साडीत गुंडाळलं आणि ओटीवर आले. बाबा कामावर निघायच्या तयारीत होते, खाकी शर्टाची बटणं लावत होते. मी म्हटलं, "बाबा, रिक्षा आणा. नाहीतर मी चालत जाते."

आई दारात आडवी उभी राहिली. बाहेर धो धो पाऊस. "सव्वा महिना झाला नाय. उंबऱ्याभाईर पाय टाकलास तर दोघी मराल."

बाबांनी आधी पोरीकडे बघितलं, मग आईकडे. उभ्या जन्मात ते तिच्याशी मोठ्याने बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "बाजूला हो." आणि छत्री न घेता पावसात धावत गेले.

आई बाजूला झाली, आणि रिक्षा आली तेव्हा आमच्याबरोबर येऊन बसली. लांज्याला डॉक्टरांनी पोरीला तपासून लगेच रत्नागिरीला न्यायला सांगितलं, गाडी दिली. रत्नागिरीकडे वळायच्या हातखंबा फाट्यापर्यंतचा तो रस्ता मला आठवत नाही. मला फक्त शीळ आठवते. ती ऐकू येत होती तोवर बरं वाटत होतं, आणि गाडीच्या आवाजात ऐकू आली नाही की मी पोरीच्या तोंडाशी कान न्यायची. आई समोरच्या बाकावर दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसली होती.

रत्नागिरीच्या दवाखान्यात पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकाला नळी लावली. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पोरीचं दुपटं उचललं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हा कसला वास आहे?"

मी तोंड उघडायच्या आधी आई पुढे झाली. धुरीत काय काय घातलं ते तिने सगळं सांगितलं. ओवा, शेपा, वावडिंग, लसणीच्या साली. सांगताना तिची मान ताठ होती.

"आणि खाली विस्तव कशाचा, आजी?"

"काजीच्या टरफलांचा. कोळसा संपला म्हनून."

"खोली बंद?"

"मंग. वारं लागंल ना."

बाईंनी दुपटं खाली ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, आईने त्यांच्याशी चार शब्द भांडून घेतलं असतं. पण त्या स्टुलावर बसल्या आणि शांतपणे बोलल्या. म्हणाल्या, ह्या टरफलांचं तेल कातडीला लागलं तर कातडी भाजते, तुमच्याकडच्या बायकांचे हात बघा. त्याचाच हा धूर. हिच्या छातीतल्या नळ्या भाताच्या काडीहून बारीक आहेत. त्या आतून सुजल्या. मोठ्या माणसाची नळी सुजली तर खोकला येतो, हिची सुजली तर वाटच बंद होते. मग आत जंतू धरतात, न्यूमोनिया होतो. साध्या लाकडाच्या, शेणीच्या धुरानेही होतं, टरफलांनी लवकर झालं एवढंच. "तुम्ही ज्याला डबा म्हणता ना आजी, तो पुष्कळदा असाच होतो."

आई ऐकत होती. मध्ये तिला खोकला आला. बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "आजी, विडी ओढता?" आईला एवढा धक्का बसला की ती मागे सरकली. मी सांगितलं, नाही, कधीच नाही. बाईंनी तिच्या पाठीला नळी लावून ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्याची छाती असते तशी झालीय, चुलीने केलंय सगळं, आता ती छाती पुन्हा सुधारणार नाही. पुढे सहासात वर्षांत आईला ओटीवरून विहिरीपर्यंतही जाववेना, तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ नीट कळला. त्या घडीला माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. मला त्या काचेच्या पेटीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

पोरगी जगते की नाही ह्यात पुढचे दिवस गेले. एक दिवस बरी वाटायची, दुसऱ्या दिवशी नर्सबाई धावत यायच्या. नवरा मुंबईहून आला, व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिला. आई भिंतीला टेकून बसायची. कुणी चहा दिला तर प्यायची, नाही दिला तर मागायची नाही. मी तिच्याशी बोलत नव्हते. एवढा राग मला कुणाचा कधी आला नव्हता आणि आईवर तो धरून ठेवणं मला जमतही नव्हतं, पण मी धरून ठेवला होता.

नळी काढली त्या दुपारी पाऊस उघडला होता. पोरगी माझ्या मांडीवर दिली तेव्हा ती रडली, पहिल्यासारखी, भोंगा लावून. वॉर्डातल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मला वाटलं सगळ्यांना सांगावं, रडतेय बघा, माझी पोरगी रडतेय. तिला घेऊन मी व्हरांड्यात आईशेजारी बाकावर बसले. राग होता तिथेच होता, तरी त्या क्षणी ती आनंदाची गोष्ट आईशिवाय कुणाला द्यावी हे मला सुचेना. मी म्हटलं, "घे तिला. मला जरा तोंड धुऊन येऊदे."

आईने हात पुढे केले आणि मध्येच थांबवले.

"एक इचारू?"

"विचार."

"ती बाई म्हनली, डबा म्हंजे पुष्कळदा ह्योच धूर."

"हं."

"मंग माझं दोघं?"

माझ्या आधी आईला दोन मुलगे झाले होते. दोघेही महिन्याच्या आत गेले. घरात त्यांचं कुणी बोलायचं नाही, मलाही लहानपणी शेजारूनच कळलं होतं. आई स्वतः त्यांच्याबद्दल माझ्याशी त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

"आई, तेव्हा टरफलं कुठे होती? कारखानाच नव्हता."

"शेगडी व्हती," ती म्हणाली. "शेणी व्हत्या. दोघांनाबी डबाच झाला. मी दिसभर धुरी दिली त्यांना." मग समोरच्या ओल्या आवाराकडे बघत ती बोलली, ते मला सांगत नव्हती, स्वतःशीच जुळवत होती. "ते दोघंबी पावसातलं. तू मे म्हयन्यातली. तुझ्या टायमाला उकडत व्हतं म्हनून मी खिडकी उगडी टाकलीवती."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. तसं नसेल गं, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, आणि माझं ते न म्हणणं तिने ऐकलं.

ती उठली. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता. तिथे जाऊन तिने हात धुतले, कोपरापर्यंत, साबणाची वडी पुन्हा पुन्हा फिरवत, तान्ह्या पोराला आंघोळीला घेण्याआधी ती धुवायची तसे. पदराला पुसले. परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी पोरीला तिच्याकडे धरून बसले होते.

तिने घेतली नाही.